अलंकारांतील शिसे व सांगून विकण्याची रीत



यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या व्यवसायाच्या इतिहासाविषयी काही मजकूर लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी इतिहासाचा पंडित नव्हे. १९७४ साली जुनी अकरावी, म्हणजे त्या वेळची मॅट्रिक, उत्तीर्ण झालो आणि पुढे सारा जन्म जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत मुलांस शिकविण्यात गेला. परंतु वडील, काका व आजोबा हे सर्व सोनारकाम करणारे असल्यामुळे ऐरणीचा आवाज आणि फुंकणीचा वास यांतच बालपण गेले. तेव्हा जे पाहिले, जे ऐकले आणि निवृत्तीनंतरच्या फुरसतीत जे वाचले, ते यथामती येथे मांडतो. न्यून ते पुरते करून घ्यावे, ही विनंती.

विषय सुचला तो एका लहानशा प्रसंगावरून. दिवाळीच्या सुटीत मी मालवणच्या बाजारात पुतण्याच्या दुकानी बसलो होतो. पूर्वी त्या पेढीवर केवळ सोन्याचांदीचे काम होत असे. आता निम्मे दुकान पर्यटकांसाठी ठेवलेल्या खोट्या दागिन्यांनी भरलेले असते. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी चकचकीत काचमण्यांची एक माळ पसंत केली. कडेवरच्या तीन-चार वर्षांच्या मुलीने त्या माळेतील एक मणी तोवर तोंडातही घातला होता. बाईंनी विचारले, "यात शिसे वगैरे काही नाही ना?" पुतण्याने तत्काळ उत्तर दिले, "नाही हो ताई, तसले काही नाही." माळ विकली गेली. बाई गेल्यावर मी विचारले, "शिसे नाही हे तुला कसे ठाऊक?" तो हसून म्हणाला, "तात्यांनू, माका काय म्हायत? घाऊक बिलार कायच लिवलेला नसता. पण 'म्हायत नाय' म्हटला तर गिराईक जाता."

मुलगा लबाड नाही, हे मी जाणतो. पण त्या रात्री मला झोप आली नाही. शाळेत अडतीस वर्षे मुलांस खरे बोलण्याचा पाठ दिला, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच घरच्या गादीवरून न जाणता एक खोटे विकले गेले. आणि तो मणी त्या पोरीच्या तोंडात होता.

शिशाशी आपली जुनी ओळख

शिसे ही धातू आपल्या किनाऱ्यास परकी नाही. मालवणच्या समोर उभा असलेला सिंधुदुर्ग पाहा. १६६४ साली शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली आणि १६६७ साली तो पुरा झाला. त्याच्या पायाचे चिरे शिशाचा रस ओतून बसविले, त्यासाठी पाच खंडी शिसे लागले, असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. साडेतीनशे वर्षे समुद्राच्या लाटा त्या पायावर आदळत आहेत आणि पाया हललेला नाही. आपले गाबीत बांधव जाळ्याच्या तळकडेस जे वजन लावीत आले, तेही शिशाचेच. देवळातील मारुतीस चढविला जाणारा पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच एक ऑक्साइड, आणि वैद्यांच्या पेटीतील मुरदाडशिंग हाही दुसरा. वैद्यक ग्रंथांत शिशास 'नाग' म्हणतात. हे नाव अर्थपूर्ण आहे असे मला नेहमी वाटत आले.

आपल्या धंद्याशी तर शिशाचे नाते फारच प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्षाच्या कामाचे वर्णन आहे. हीण सोने शिशाबरोबर तापवून शुद्ध करावे, आणि हिणाच्या चौपट शिसे घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. तापविलेले शिसे हलक्या धातूंस आपल्यात ओढून घेते आणि सोने-रुपे मागे राहते. ही कृती जगभरच्या धातुकारांना ठाऊक होती. म्हणजे शिसे हे सोन्याचे धोबी होते.

परंतु त्याच ग्रंथाच्या पुढच्या प्रकरणात शिशाचे दुसरे रूप येते. सोनाराने चोरी करण्याचे जे पाच मार्ग कौटिल्य मोजतो, त्यांत 'पेटक' नावाचा एक आहे. शिशाच्या तुकड्यावर सोन्याचा पत्रा चढवून आत लाखेसारख्या पदार्थाने बसवावा आणि भरीव सोने म्हणून द्यावा, अशी ती युक्ती. अशा फसवणुकीच्या परीक्षा व दंड हेही त्याने लिहून ठेवले आहेत. हा ग्रंथ पुष्कळ शतके लुप्त होता. १९०५ साली म्हैसूरच्या ग्रंथालयात पंडित शामशास्त्री यांच्या हाती त्याची पोथी आली आणि १९०९ साली ती छापली गेली. आपल्या धंद्याची निंदा दोन हजार वर्षांपूर्वीही होत होती, हे वाचून कोणास राग येईल. मला मात्र त्यातून एवढेच दिसले की शिसे वापरणे हा अपराध नव्हता. ते झाकणे हा अपराध होता.

काचेत शिसे कसे आले

काचमणी आपल्या देशात फार जुने. नेवासे, तेर, कोल्हापूरजवळचे ब्रह्मपुरी अशा ठिकाणच्या उत्खननांत काचेचे मणी सापडले आहेत. आपले मराठी विद्वान डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी भारतीय काचेच्या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तो १९६९ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. जुन्या मण्यांपैकी काही पिवळ्या व हिरव्या मण्यांत रंगासाठी शिशाचा उपयोग केलेला असे. म्हणजे काचेत शिसे घालणे ही नवी गोष्ट नव्हे. पण आज ज्यास 'क्रिस्टल' म्हणतात, त्या काचेची कथा इंग्लंडात सुरू होते.

लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या व्यापाऱ्याने १६७४ साली स्फटिकासारख्या काचेचे पेटंट मिळविले. त्याच्या आरंभीच्या काचेस बारीक तडे जात. पुढे शिशाचा ऑक्साइड घातल्यावर ती काच टिकाऊ, वजनदार व फार चमकदार झाली. याचे कारण शाळेतील मुलासही समजेल असे आहे. प्रकाशाचा किरण हवेतून काचेत शिरताना वाकतो. साध्या काचेत तो वाकण्याचे मान सुमारे १.५ असते, आणि शिसे जसजसे वाढवावे तसतसे ते वाढत जाते. हिऱ्यात ते २.४२ असते. शिसे असलेली काच हिऱ्याच्या बरोबरीस येत नाही, परंतु त्याच्या दिशेने चार पावले जाते. शिवाय ती मऊ असल्यामुळे तिला पैलू पाडणे सोपे जाते. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये गेओर्ग फ्रीडरिख श्ट्रास या जवाहिऱ्याने अशा काचेचे कृत्रिम हिरे इतके उत्तम केले की १७३४ साली तो राजाचा जवाहिऱ्या झाला. युरोपातील अनेक भाषांत आजही अशा खड्यांस त्याच्याच नावाने ओळखतात.

पुढची पायरी यंत्राची. बोहेमियातील डॅनियल स्वारोव्स्की याने १८९२ साली काचेस पैलू पाडणाऱ्या विजेवरच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८९५ साली ऑस्ट्रियातील वॉटेन्स या गावी कारखाना काढला. हाताने दिवसभर घासून जे काम होई ते यंत्र झटपट करू लागले, आणि राजघराण्यांतील चमक सामान्य माणसाच्या गळ्यात आली. युरोपीय आर्थिक समाजाने १९६९ साली नियमच केला की ज्या काचेत किमान २४ टक्के शिशाचा ऑक्साइड असेल, तिलाच 'लेड क्रिस्टल' म्हणावे. म्हणजे ज्या शिशाची आज भीती वाटते, ते त्या काळी गुणवत्तेची खूण होती आणि लोक ते अभिमानाने सांगत. सांगण्याची लाज नंतर आली.

आपल्या महाराष्ट्रानेही काचेचा ध्यास घेतला होता. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशी काचमालावर अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू. आज आपल्या किनाऱ्यावरील दुकानांत विकला जाणारा काचमणी कोठून येतो, कोणी केला, त्यात काय आहे, हे विकणाऱ्यास ठाऊक नसते. तेव्हा त्या पैसा पैसा जमविणाऱ्या माणसाची आठवण होते.

सुवर्ण नियंत्रण आणि नंतरचा काळ

सोनाराच्या दुकानात हा काचमाल का शिरला, हे समजण्यासाठी १९६३ सालाकडे जावे लागते. त्या वर्षीच्या ९ जानेवारीस केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रण जाहीर केले. चीनचे युद्ध नुकतेच झाले होते आणि परदेशी चलनाची ओढ होती. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडविण्यास मनाई झाली. चौदा कॅरट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोने. अशा सोन्याचा दागिना आपल्या लोकांनी कधी पाहिला नव्हता, घडणाऱ्यांनी घडविला नव्हता, आणि घेणारे घेईनात. देशभर सोनारांच्या शेगड्या विझल्या. कित्येकांनी जीव दिले. १९६६ साली चौदा कॅरटची अट निघाली, १९६८ साली कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द झाला. पण मधल्या काळात पुष्कळ घरांतील मुलांनी हातोडी खाली ठेवली. कोणी मुंबईस गिरणीत गेला, कोणी पोस्टात लागला, कोणी माझ्यासारखा शाळामास्तर झाला. जे गादीवर राहिले त्यांनी पोटासाठी इतर माल ठेवण्यास प्रारंभ केला. त्यांस दोष देण्याचे कारण नाही.

माझे वडील तो काळ सांगताना एकच गोष्ट अभिमानाने सांगत. चौदा कॅरटचे काम जे थोडेफार आले, ते त्यांनी चौदा कॅरट म्हणूनच दिले. त्यांचे एक वाक्य आम्हां भावंडांस पाठ होते : "खोट घालूक हरकत नाय, पण गिराइकाक सांगल्याशिवाय घालूची नाय." ताम्रावाचून दागिना उभा राहत नाही, ही गोष्ट सोनारास ठाऊक असते. शंभर नंबरी सोन्याची पाटली पहिल्या धुण्यालाच वाकेल. म्हणून खोट ही धंद्याची गरज आहे, आणि ती सांगणे हा धंद्याचा धर्म आहे.

यानंतर आपल्या शेगडीवर दुसरी एक धातू आली. तिची हकीकत लिहिताना माझा हात जड होतो. दागिन्याचे भाग जोडण्यास झाळ लागते. जुनी झाळ सोन्यात तांबे व चांदी मिसळून करीत, म्हणजे ती दागिन्याच्या आधी वितळे. पण तिच्यामुळे अनेक जोडांचा दागिना मोडीत घातला की कस उतरे. मग कॅडमियम आले. ही धातू ३२१ अंश सेल्सियसला वितळते आणि ७६७ अंशांस तिची वाफ होते. बारा आणे काम होईपर्यंत ती बहुतांशी उडून जाते आणि सोन्याचा कस राखला जातो. गिऱ्हाइकास पूर्ण कस मिळाला, दुकानदारास 'केडीएम' हा नवा शब्द मिळाला. कॅडमियम याच नावाचा तो अपभ्रंश. जाहिरातींत तो शुद्धतेची हमी म्हणून झळकू लागला.

पण उडून गेलेली वाफ कोठे गेली? ती कारागिराच्या छातीत गेली. आमचे धाकटे काका माडीवरच्या कोंदट खोलीत, वाऱ्याने जाळ हलू नये म्हणून खिडकी लावून घेऊन, वर्षानुवर्षे हे काम करीत. त्यांना खोकला लागला, पुढे मूत्रपिंडांचा आजार जडला आणि साठी गाठण्यापूर्वी ते गेले. त्यांचा आजार त्याच धुराने झाला, असे मी ठामपणे म्हणणार नाही. डॉक्टरांनीही तसे म्हटले नव्हते. परंतु कॅडमियमची वाफ फुप्फुसांस व मूत्रपिंडांस घातक असते, हे शास्त्रज्ञांस तेव्हा ठाऊक होते. जपानात जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम भातशेतीत उतरून लोकांची हाडे ठिसूळ झाली, आणि १९६८ साली तेथील सरकारने ते मान्य केले. १९९३ साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियमची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. काकांच्या हाती जी पुडी येई तिच्यावर यांतले एक अक्षर नव्हते. विकणाऱ्याने सांगितले नाही, आणि काकांनी विचारले नाही. कसाविषयी मात्र दोघेही पैशापैशाचा हिशेब करीत.

धोक्याचे ज्ञान कसे वाढले

शिशाच्या विषारीपणाविषयीचे मापही काळाबरोबर बदलत आले आहे. शरीर शिशास कॅल्शियम समजून फसते. ते हाडांत साठते आणि मुलांच्या वाढत्या मेंदूस अपाय करते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग अंगात जिरतो, त्याच्या चार-पाचपट लहान मुलांच्या अंगात जिरतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलाच्या एक डेसिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरच चिंता करीत. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ती मर्यादा १९७५ साली ३०, १९८५ साली २५, १९९१ साली १०, २०१२ साली ५ आणि २०२१ साली ३.५ अशी उतरत आली. आज शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक ठरलेली नाही, असेच तज्ज्ञ म्हणतात. युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे असल्याचा अंदाज आहे. त्यांत भारतातील मुलांची संख्या सर्वांत मोठी आहे. याची कारणे अनेक आहेत, जुन्या बॅटऱ्या, रंग, मसाल्यांतील भेसळ वगैरे. दागिने हे त्यांतील एक लहान कारण. परंतु आपल्या गादीवरचे कारण तेवढेच आहे.

काचेतील शिसे बाहेर येते का, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. काच त्यास घट्ट धरून ठेवते, हे खरे. पण आंबट पदार्थ ती पकड सैल करतो. १९९१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ग्राझियानो व ब्लम या दोघांनी शिशाच्या क्रिस्टल सुरईत पोर्ट मद्य ठेवून पाहिले. आरंभी लिटरला ८९ मायक्रोग्रॅम असलेले शिसे चार महिन्यांत २००० ते ५००० पर्यंत चढले. आपल्या घरी पोर्ट नसेल, पण कोकमाचे आगळ आणि कैरीचे लोणचे असते. जुनी चकाकणारी जड काचेची सुरई वा बरणी कोणाकडे असेल, तर तिच्यात हे पदार्थ साठवू नयेत.

शिशाच्या धातूचा धोका याहून पुष्कळ मोठा, कारण पोटातील आम्लात ती धातू सरळ विरघळते. २००६ साली अमेरिकेत मिनियापोलिस येथे चार वर्षांच्या एका मुलाने बुटांबरोबर फुकट मिळालेल्या साखळीतील बदामाच्या आकाराचे लटकन गिळले. ते ९९ टक्के शिसे होते. मूल दगावले. वरून ते लटकन चांदीसारखे दिसत होते. कौटिल्याचा 'पेटक' आठवावा, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने दागिन्यांतील शिशावर कायदा केला. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दागिन्यात शिशाच्या काचेचे खडे एकूण एक ग्रॅमहून अधिक वजनाचे नसावेत, असा त्यात एक नियम होता. २००८ साली अमेरिकेच्या संघीय सरकारने मुलांच्या वस्तूंसाठी कायदा केला, आणि २०११ पासून शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग अशी झाली. ज्या काचेत २४ टक्के शिशाचा ऑक्साइड असतो, ती या मापात कोठे बसणार? काचखड्यांना सूट मिळावी म्हणून व्यापाऱ्यांनी अर्ज केला होता. २००९ साली तो नाकारला गेला. युरोपीय संघाने मात्र निराळा मार्ग धरला. तेथे २०१३ सालापासून दागिन्याच्या प्रत्येक भागात शिशाची मर्यादा ०.०५ टक्के आहे, पण क्रिस्टल काच त्यातून वगळली, कारण तिच्यातील शिसे बांधलेले असते असा तेथील विचार. एकाच मण्याविषयी दोन शहाण्या सरकारांनी दोन निर्णय दिले. तेव्हा या विषयात मतभेदास जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रौढ बाईने गळ्यात घातलेल्या काचमाळेने कातडीतून शिसे अंगात शिरते, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. धोका तोंडाचा आहे, आणि म्हणून तो मुलांचा आहे.

व्यापाराच्या खोडीचा एक नमुना याच काळात दिसला. शिशास मनाई होताच काही परदेशी कारखान्यांनी मुलांच्या स्वस्त दागिन्यांत कॅडमियम भरले. २०१० साली एका अमेरिकी वृत्तसंस्थेने ते उघडकीस आणले. एका नगात तर ९१ टक्के कॅडमियम निघाले. उलट चांगले उदाहरणही आहे. स्वारोव्स्कीच्या कारखान्याने २०१२ साली शिशाचे प्रमाण ०.००९ टक्क्याच्या खाली ठेवलेली काच बाजारात आणली. म्हणजे शिशावाचून चमक मिळत नाही, ही सबब आता उरली नाही. आपल्याकडे ज्यास 'अमेरिकन डायमंड' म्हणतात, तो झिर्कोनियम ऑक्साइडचा खडा तर काच नव्हेच, आणि त्यात शिसे घालण्याचे कारणच नसते. गंमत अशी की त्याचे व्यापारी उत्पादन १९७० च्या दशकात रशियात सुरू झाले.

छाप आणि तिची मर्यादा

दागिन्यात काय आहे हे दागिन्यावरच लिहावे, ही कल्पना इंग्लंडात १३०० साली कायद्यात आली. चांदीच्या वस्तूवर बिबट्याच्या मुखाचा छाप मारण्याचा तो हुकूम होता. पुढे लंडनच्या सोनारसंघाच्या वाड्यात, म्हणजे 'हॉल'मध्ये, हा छाप मारीत म्हणून 'हॉलमार्क' हे नाव पडले. हा छाप सोनारांच्या संघानेच चालविला, हे आपण ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी ही योजना २००० साली ऐच्छिक स्वरूपात सुरू केली. १६ जून २०२१ पासून ती २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ९१६ म्हणजे हजारांत ९१६ भाग सोने, हे आता खेड्यातील म्हातारीसही ठाऊक झाले आहे. झाळीतील कॅडमियमही मानकाने बाद ठरविले. काकांच्या मरणानंतर पुष्कळ वर्षांनी का होईना, ते झाले.

पण हा छाप सोन्याचा कस सांगतो. त्या सोन्यात बसविलेला खडा काचेचा आहे की कशाचा, हे तो सांगत नाही. कुंदन, पोल्की व जडाऊ हे प्रकार तर सक्तीतून वगळलेले आहेत. आणि खोट्या दागिन्यांचा या योजनेत समावेशच नाही. घराच्या रंगात शिसे दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे असा नियम देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून मानकाची सक्ती झाली. भिंत आणि बाहुली यांची काळजी कायद्याने घेतली. बाळाच्या मनगटीतील चमकत्या मण्याची काळजी मात्र विकणाऱ्याच्या जिभेवर राहिली आहे.

आपण काय करावे

आपल्या ज्ञातीचे भूषण नाना शंकरशेट (१८०३–१८६५) यांच्याविषयी असे सांगतात की परदेशी व्यापारी आपली ठेव पेढ्यांपेक्षा नानांच्या घरी ठेवणे अधिक सुरक्षित समजत. त्यांच्याकडे छाप नव्हता, त्यांचा शब्द होता. तो शब्द ही आपली वडिलोपार्जित मालमत्ता आहे. ती रोज थोडी थोडी खर्च होत असेल, तर हिशेब घेतला पाहिजे.

माझ्या अल्पमतीस सुचते ते असे. खोट्या दागिन्यांच्या बिलावर तीन ओळी असाव्यात : धातू कोणती, खडा कशाचा, जोड कशाचा. घाऊक व्यापाऱ्याकडून शिसे व कॅडमियम यांच्या तपासणीचा लेखी दाखला मागावा. एकाने मागितला तर तो देणार नाही, पण जिल्ह्यातील सर्व दुकानांनी मिळून मागितला तर त्यास द्यावा लागेल. हे काम आपल्या संस्थेने अंगावर घ्यावे. दाखला नसेल तेथे 'माहिती नाही' असे स्वच्छ लिहावे, आणि तो माल मुलांसाठी देऊ नये. बारशाच्या मनगट्या, वाळे, दृष्टमणी यांसाठी अनोळखी चकचकीत काचमणी वापरू नयेत. कारखान्यात बसणाऱ्या मुलांनी खिडकी उघडी ठेवावी, झाळीत काय आहे ते विचारावे, आणि हात धुतल्यावाचून जेवू नये.

पुतण्याशी मी हे सर्व बोललो. तो आधी गप्प राहिला. मग काकांचे नाव निघाले, आणि काकांच्या मांडीवर बसून तो फुंकणी फुंकावयास शिकला होता, याची आठवण त्यालाच झाली. दुसऱ्या दिवशी त्याने काचमाळांच्या काचपेटीवर स्वतःच्या हस्ताक्षरात चिठ्ठी लावली : 'या मण्यांत शिसे असू शकते. मुलांच्या तोंडात देऊ नये.' त्या दिवशी एक गिऱ्हाईक चिठ्ठी वाचून निघून गेले, हे खरे आहे. संध्याकाळी दुसऱ्या एका बाईंनी ती वाचली, काचमाळ ठेवून दिली आणि मुलीसाठी चांदीचे पैंजण घेतले. नफातोट्याचे गणित एका दिवसावरून मांडता येत नाही, म्हणून मी ते मांडीत नाही. मुंबईच्या त्या बाईंचे नाव वा पत्ता आमच्याकडे नाही, आणि ती माळ आता परत घेता येत नाही, एवढे मात्र मनात राहिले आहे.

शिशाने सिंधुदुर्गाचा पाया धरून ठेवला, कारण ते जेथे हवे तेथे, सर्वांसमक्ष ओतले गेले. तेच शिसे न सांगता पोराच्या हाती गेले तर घराचा पाया पोखरते. वडिलांचे शब्द पुन्हा लिहून हा लेख संपवितो : खोट घालूक हरकत नाय, पण गिराइकाक सांगल्याशिवाय घालूची नाय.